निकेलचा इलेक्ट्रोड टिकवायचा कसा? (अक्कलकोट रोड एमआयडीसीतून)

निकेलवाले_अण्णा (धागाकर्ते)

नमस्कार मंडळी. मी सोलापूरचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं निकेल-क्रोम प्लेटिंगचं लहान युनिट आहे, २२ वर्षं झाली. मागाचे रोलर, दारांच्या कड्या, दुचाकीचे सुटे भाग असलं काम. हायड्रोजनशी माझा संबंध एवढाच की टाकीत करंट जास्त झाला की कामावर बुडबुडे येतात आणि माल बिघडतो.

माझी पुतणी एम.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रकल्पाचा विषय पाण्यात वीज सोडून त्यातून हायड्रोजन काढणं. तिने निकेल फोम आणला होता, म्हणजे स्पंजासारखी भोकाभोकांची निकेलची पट्टी. त्यावर निकेल आणि लोखंडाच्या संयुगाची पूड चिकट द्रावणात कालवून ब्रशने लावायची, वाळवायची, कॉस्टिक पोटॅशमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या तीव्र क्षारात) उभी करायची आणि करंट सोडायचा. पहिल्या दिवशी आलेख सुरेख आला. चौथ्या दिवशी रात्री साडेनऊला तिचा फोन, आवाज रडवेला. जाऊन बघतो तर बीकरच्या तळाला काजळ सांडल्यासारखी काळी पूड, आणि पट्टीवर मधेमधे उघडं निकेल चमकतंय. नखाने कड उचलली तर पापुद्रा सहज सुटून आला.

आमच्या धंद्यात याला पोपडा निघणं म्हणतात, आणि त्याचं कारण पोपड्यात कधी नसतं, खालच्या धातूत असतं. तेल राहिलं, गंज राहिला, नाहीतर धातू हवेत पडून त्यावर ऑक्साइडचा न दिसणारा थर बसला की वर काहीही चढवा, उचलून येणारच. निकेलवर निकेल चढवणं सोपं वाटतं, पण उघड्यावर राहिलेलं निकेल याबाबतीत फार हट्टी. म्हणून आम्ही हायड्रोक्लोरिक आम्ल आणि निकेल क्लोराइडच्या टाकीत आधी पातळ 'स्ट्राइक' देतो. त्यात आम्ल वरचा थर खात असतं आणि त्याच वेळी ताजं निकेल बसत असतं.

तिला म्हटलं, पूड चिकटवणं सोड, माझ्या पद्धतीने करू. निकेलची विणलेली जाळी मुंबईहून मागवली. सँडब्लास्ट, गरम क्षारात तेल काढणं, आम्लाचा हात, पाण्याचे दोन हात, स्ट्राइक. मग त्यावर निकेल आणि जस्त एकत्र चढवलं आणि जाळी गरम कॉस्टिक पोटॅशमध्ये बुडवली. जस्त फसफसत विरघळून जातं, निकेलचा सच्छिद्र सांगाडा उरतो. रुपेरी जाळी बघता बघता काळी पडते. सेलोटेप चिकटवून ओढली, काही निघालं नाही. कोपरा पेन्सिलीभोवती वाकवला, तडा नाही.

मग अशा जोड्या लावून तीन घरांचा छोटा स्टॅक केला, म्हणजे एकापुढे एक रचलेल्या तीन सेल. प्लास्टिकच्या चौकटी, मधे डायफ्रॅम (दोन वायू वेगळे ठेवणारा पडदा), खालून एकच कॉस्टिकची नळी तिन्ही घरांना. प्लेटिंगच्या जुन्या रेक्टिफायरवर (एसीचा डीसी करंट करणाऱ्या यंत्रावर) सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा चालवायचा. गॅसची नळी छपरावर काढली आहे.

आता अडचण. दिवसभर चालताना व्होल्टेज हलत नाही. पण दर सकाळी आदल्या दिवसापेक्षा किंचित चढलेलं असतं, आणि सुट्टीनंतरच्या सकाळी जास्तच. आता तळाला बारीक काळे कणही दिसू लागलेत, तेही फक्त हायड्रोजनच्या बाजूला. संध्याकाळी स्विच बंद केल्यावर व्होल्टमीटर शून्यावर येत नाही, कितीतरी वेळ व्होल्टेज दाखवत राहतो. माझा इलेक्ट्रोड चालताना शाबूत राहतो आणि बंद असताना खराब होतो. हे कोणी बघितलं आहे का?

विज्ञानबाई

अण्णा, छान लिहिलंय. मी माध्यमिक शाळेत शिकवते. प्रदर्शनासाठी आमची मुलं स्टीलचे दोन चमचे आणि मिठाच्या पाण्यात हेच करतात. बुडबुडे भरपूर येतात, पण पाणी पिवळट-हिरवट होतं. चमचे इलेक्ट्रोड म्हणून टिकत नाहीत, यापलीकडे त्यात काही धोका आहे का?

भवानीपेठ

बाई, आधी तुम्हाला उत्तर देतो, कारण ते तातडीचं आहे. चमचे आणि मीठ दोन्ही आजच बंद करा. खायच्या मिठात धनाग्रावर क्लोरिन वायू निघतो आणि क्लोराइड स्टेनलेस स्टीलला टोचे पाडतं. स्टीलमध्ये क्रोमियम असतं. धनाग्रावर ते विरघळतं आणि परिस्थितीनुसार, विशेषतः क्षारयुक्त पाण्यात, सहा संयुजेचं क्रोमियम होतं. पिवळा रंग त्याचा असू शकतो. ते कर्करोगकारक आहे. मुलांचे हात त्यात जाऊ देऊ नका आणि ते पाणी बेसिनमध्ये ओतू नका. अण्णांना क्रोमच्या टाकीमुळे हे चांगलंच ठाऊक असेल.

प्रदर्शनासाठी पेन्सिलीतली शिसं घ्या, पाण्यात थोडं मॅग्नेशियम सल्फेट टाका, ९ व्होल्टची बॅटरी पुरे. शिसं हळूहळू झिजेल, ऑक्सिजन अपेक्षेपेक्षा थोडा कमी भरेल, पण दोनास एक हे प्रमाण मुलांना दिसेल. वायू साठवू नका.

निकेलवाले_अण्णा

बाई, भवानीपेठ यांचं अक्षर न् अक्षर खरं आहे. क्रोमचं पाणी आम्ही आधी रसायन टाकून उतरवतो, मगच पुढे सोडतो. मोटारसायकलला लावायचे पाण्याच्या गॅसचे किट विकले जातात, त्यात स्टीलच्या पट्ट्या कॉस्टिकमध्ये असतात आणि महिन्याभरात पाणी पिवळं होतं. एक पोरगा ते पाणी माझ्याकडे नुसत्या हाताने घेऊन आला होता. त्याला आधी हात धुवायला लावले.

जुनी_भट्टी

अण्णा, मी एका वनस्पती तुपाच्या कारखान्यात हायड्रोजन प्लांटवर १९ वर्षं ऑपरेटर होतो. तेल घट्ट करायला हायड्रोजन लागतो, आणि त्या काळी बऱ्याच ठिकाणी तो पाण्यातूनच काढत. आपल्या देशात ही गोष्ट नवी नाही. नांगलच्या खत कारखान्यात भाक्राच्या विजेवर १९६०च्या दशकात एवढा मोठा इलेक्ट्रोलिसिस प्लांट चालला की लोक बाहेरून बघायला येत. आमचा त्यापुढे लहान.

तुमच्या प्रश्नावर आमच्या फोरमनची एक सक्त सूचना होती : प्लांट बंद करायचा नाही. दिवाळीत कारखाना बंद, तेलाचं काम बंद, तरी सेलमधून थोडा करंट चालूच. आम्ही आळीपाळीने दोघं थांबायचो. नवीन आलेल्याला वाटायचं, वीज फुकट जाते. एकदा बाहेरच्या विजेत दोष येऊन सगळा प्लांट दोन दिवस गार पडला. परत चालू केला तेव्हा सेलचं व्होल्टेज चढलेलं होतं आणि ते पूर्वीच्या ठिकाणी कधीच आलं नाही. ज्या सेल सर्वांत जुन्या होत्या त्यांना सर्वांत कमी त्रास झाला, कारण त्यांच्यावर साधा निकेलचा थर होता. ज्यांच्यावर नव्याने सच्छिद्र थर दिला होता त्या बसल्या.

आणखी दोन गोष्टी. कॉस्टिकचा ड्रम उघडा ठेवू नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून त्याचं कार्बोनेट होतं, वीज नीट वाहत नाही. आणि पाणी भरताना बोअरचं कधीच नाही. आमच्याकडे रोज सकाळी हायड्रोमीटर बुडवून बघायचं हे पहिलं काम. ३० टक्के पोटॅशची घनता गार असताना सुमारे १.२९ लागते.

भवानीपेठ

जुनी_भट्टी काका, तुमच्या फोरमनची सूचना आज शोधनिबंधांत 'उलटा करंट' या नावाने येते. अण्णा, तुमच्या अडचणीचं मूळ तेच आहे. सविस्तर लिहितो. (मी मूळचा सोलापूरचा, सध्या बाहेर याच विषयावर पीएच.डी. करतोय.)

सेल चालू असताना धनाग्रावरचं (ऑक्सिजनच्या बाजूचं) निकेल वरच्या ऑक्साइडच्या रूपात जातं, ऋणाग्र (हायड्रोजनची बाजू) हायड्रोजनने भरलेलं असतं. दोघांच्या मधे कॉस्टिक पोटॅश. जवळपास अशीच मांडणी एडिसनच्या निकेल-लोह बॅटरीत होती, म्हणजे तुमचा स्टॅक दिवसभर नकळत चार्ज होत असतो. म्हणून व्होल्टमीटर शून्यावर येत नाही. बंद केल्यावर ही बॅटरी रिकामी व्हायला वाट शोधते. तुमच्या रेक्टिफायरमधले डायोड तिला मागे जाऊ देत नसतील, पण तिन्ही घरांना जोडणारी कॉस्टिकची नळी आहे ना! घराघरातून नळीवाटे करंट उलटा वाहतो. मधल्या पट्ट्यांवर, जिथे एका बाजूला हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूला ऑक्सिजन, तिथे तो सर्वांत जाचक.

या उलट्या प्रवाहात ऋणाग्रावरच्या सच्छिद्र निकेलचं हायड्रॉक्साइड होतं. सकाळी चालू केलं की त्यातलं काही परत निकेल होतं, काही होत नाही. रोज फुगणं, रोज आकसणं. भरीव निकेल हे सोसतं, कारण फक्त कातडीवर परिणाम होतो. तुमचा सांगाडा मात्र नुसता कातडीचाच बनलाय. त्याच्या भिंती खचतात आणि काळे कण तळाला येतात. तेही फक्त हायड्रोजनच्या बाजूला, तुम्ही लिहिलंय तसंच.

उपाय आहेत. काकांचा सर्वांत जुना आणि सर्वांत भरवशाचा : बंद न करता अगदी कमी करंट ठेवायचा. दुसरा, घरांना जोडणाऱ्या नळ्या लांब आणि बारीक करायच्या, म्हणजे उलट्या वाटेचा रोध वाढेल. तिसरा, थांबताना कॉस्टिक काढून टाकायचं, पण मग ऋणाग्राला हवा लागता कामा नये. सच्छिद्र निकेल कोरडं झालं की हवेत आपणहून पेट घेतं. मरी रेनी या अमेरिकन अभियंत्याने १९२०च्या दशकात निकेल-ॲल्युमिनियममधून ॲल्युमिनियम काढून असं निकेल केलं, तेव्हापासून ते ओलंच ठेवतात. अण्णा, ती काळी जाळी टेबलावर वाळत घालू नका, कृपा करून.

आर्द्रा_११

मीच ती पुतणी. काकांनी वाळत घातली होती. सुदैवाने तुकडा छोटा होता, पण गरम झालेला मला हाताला लागला. तेव्हापासून पाण्याच्या बरणीत ठेवतो.

भवानीपेठ दादा, मला विचारायचंय. माझे गाईड म्हणतात की निबंधासाठी १० मिलिअँपिअर प्रति चौरस सेंमीवर शंभर तासांची स्थिरता दाखवली की पुरे. मी ब्रशने लावलेला थरसुद्धा त्या करंटवर बरा टिकला होता. काकांकडे करंट वाढवला तेव्हाच तो पडला. मग मी जे आधी लिहून ठेवलंय ते चूक आहे का?

भवानीपेठ

चूक नाही, पण तेवढ्यावरून तो कारखान्यात टिकेल असं म्हणता येणार नाही. १० मिलिअँपिअर हा आकडा सूर्यप्रकाशापासून थेट हायड्रोजन करणाऱ्या उपकरणांवरून आला. भर उन्हात साधारण १० टक्के कार्यक्षमतेला तेवढा करंट येतो. तुलनेला तो सोयीचा, म्हणून रूढ झाला. कारखान्यातली जुनी क्षारीय सेल २०० ते ४०० मिलिअँपिअरवर, ७० ते ९० अंश तापमानात, २५-३० टक्के पोटॅशमध्ये चालते. तिथे बुडबुडेच थराचे शत्रू होतात. खोलगट भोकात बुडबुडा जन्मतो, वाढतो, भिंतीला रेटतो आणि सुटताना झटका देतो. दिवसाला लाखो वेळा. शिवाय चिकटवायला वापरलेला बाइंडर वीज वाहत नाही, गरम क्षारात मऊ पडतो आणि पुडीचे कण त्याच्यासकट निघून जातात.

हिशोब करून बघ. एक किलो हायड्रोजनला २६,५९० अँपिअर-तास लागतात, इलेक्ट्रोड कुठलाही असो. त्याला सेलच्या व्होल्टेजने गुणलं की वीज मिळते. सिद्धान्तात १.२३ व्होल्ट, उष्णतेचा हिशोब धरला तर १.४८. प्रत्यक्षात १.९ व्होल्ट धरले तर किलोला ५०.५ युनिट. म्हणजे दर ०.१ व्होल्टला २.६६ युनिट. आता समज, तुझा इलेक्ट्रोड तासाला फक्त १ मायक्रोव्होल्टने बिघडतो. शंभर तासांत हे साध्या मीटरवर दिसणार नाही. पण ८०,००० तासांत, जेवढी अपेक्षा कारखाना ठेवतो, ते ८० मिलिव्होल्ट होतात. किलोमागे दोन युनिटांहून जास्त, कायमचे. म्हणून शंभर तासांच्या सपाट रेघेवर मी विश्वास ठेवत नाही. शंभर वेळा बंद-चालू करून दाखव, ते मला जास्त सांगतं. हा भाग प्रबंधात घाल, गाईडना आवडेल.

उभा_आडवा

अण्णा, आमचा टॉवेलचा माग आहे, पूर्व भागात. रसायनातलं मला काही कळत नाही, पण वाचताना एक गोष्ट सारखी मनात येत होती.

सोलापुरी चादरीवरची नक्षी जॅकार्डवर विणलेली असते. उभ्या-आडव्या धाग्यांतूनच मोर उठतो. ती चादर फाटेल पण मोर पुसला जाणार नाही. छापलेली चादर दहा धुण्यांत फिकी पडते, कारण रंग कापडाच्या वर बसलेला. टॉवेलचे फासे तसेच. फाशाचा धागा खालच्या कापडात आडव्या धाग्यांनी आवळून धरलेला असतो. आवळ कमी पडली तर फासा ओढून बाहेर येतो, मग धागा कितीही भारी असो. आम्ही माल तपासताना फासा बोटाने ओढतो, त्याची चमक बघत नाही.

ताईंची पूड छापील होती. अण्णांचं काम विणलेलं आहे. पण आता फुगण्या-आकसण्याने तुमचा फासा ओढला जातोय. तुमच्या कामात फाशाला खालून धरतं कोण, हे बघायला पाहिजे असं मला वाटतं.

भवानीपेठ

उभा_आडवा, इलेक्ट्रोडच्या इतिहासातला सर्वांत मोठा विजय नेमका तुम्ही म्हणता त्यावरच मिळाला. क्लोरिन आणि कॉस्टिक सोड्याच्या कारखान्यांत पूर्वी ग्रॅफाइटची धनाग्रं असत. ती झिजत, अंतर वाढे, वीज जास्त खाई, सारखी बदलावी लागत. १९६०च्या दशकात हेन्री बीअर यांनी टायटॅनियमवर रुथेनियमचं संयुग लावून भट्टीत तापवलं. त्यातून जो रुथेनियम ऑक्साइड झाला, त्याची स्फटिकरचना आणि टायटॅनियम ऑक्साइडची रचना एकाच घराण्यातली. दोघं मिसळून एकच थर झाला, वीज वाहणारा आणि खालच्या धातूला धरून बसणारा. ती धनाग्रं वर्षानुवर्षं चालली आणि त्यांचा आकार बदलला नाही, म्हणून त्यांना आकार न बदलणारी धनाग्रं हेच नाव पडलं. रुथेनियम उत्तम उत्प्रेरक आहे हे खरंच, पण मला त्या जोडाचं कौतुक जास्त वाटतं.

आम्लाच्या बाजूच्या सेलमध्ये, जिथे प्लास्टिकसारखा पडदा वापरतात, अजून टायटॅनियम आणि इरिडियमच लागतं, आणि इरिडियम जगभरात वर्षाला ७-८ टनच निघतं. म्हणून निकेल आणि क्षाराची ही वाट मला आपल्यासारख्यांची वाटते. केंद्राच्या हरित हायड्रोजन मिशनने (जानेवारी २०२३, १९,७४४ कोटी) २०३०पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं उद्दिष्ट ठेवलंय. तेवढ्या सेलना लागणारे इलेक्ट्रोड कोणीतरी सँडब्लास्ट करणार, धुणार, चढवणार. ते काम अण्णांच्या हातचं आहे.

आर्द्रा, तुझ्या लोखंडाविषयी. शुद्ध निकेल ऑक्सिजनच्या बाजूला मध्यमच असतं. कॉरिगन यांनी १९८७मध्ये दाखवलं की पोटॅशमध्ये लोखंडाचा नुसता अंश असला की निकेलवर ऑक्सिजन जास्त सहज सुटतो. त्याआधी तो अंश लोक अशुद्धी मानत. पण ते लोखंड थरातून सुटत राहतं. टिकाव हवा असेल तर पोटॅशमध्येच लोखंडाचा किंचित अंश राहू दे, म्हणजे जितकं सुटेल तितकं परत बसेल. कानन आणि नोसेरा यांनी २००८मध्ये कोबाल्ट-फॉस्फेटचा थर केला, तोही आपली डागडुजी आपणच करणारा निघाला. झिजणार हे मान्य करून परत बसायची सोय ठेवणं हीसुद्धा टिकाऊपणाची रीत आहे. मात्र सुटलेलं लोखंड ऋणाग्रावरही जाऊन बसतं, तिकडे लक्ष ठेव.

मोहोळकडचा

माझ्या शेतावर सौर पंपाचे पॅनल आहेत. पंप बंद असतो तेव्हा वीज वाया जाते. अण्णांसारखा स्टॅक थेट पॅनलला जोडून घरच्या शेगडीपुरता गॅस होईल का? ऊन तर सोलापूर जिल्ह्याला कमी नाही.

जुनी_भट्टी

दादा, नका करू. ढग आला की करंट पडतो, गेला की चढतो, आणि रोज संध्याकाळी बंद. वर ज्या उलट्या करंटची चर्चा चालली आहे, तो तुम्हाला दिवसातून एकदा नाही, दहादा भेटेल. २५ वर्षांचं पॅनल धरलं तर नुसत्या रात्रीच नऊ हजारांवर होतात.

दुसरी बाब जास्त गंभीर. करंट कमी झाला की ऑक्सिजन कमी निघतो, पण डायफ्रॅममधून पलीकडे झिरपणारा हायड्रोजन जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे ऑक्सिजनमधलं हायड्रोजनचं प्रमाण वाढतं. चार टक्क्यांच्या पुढे ते मिश्रण स्फोटक. आम्ही दोन टक्क्यांवर प्लांट थांबवायचो. डोळ्याला काही दिसत नाही, वासही नाही, आणि दिवसा हायड्रोजनची ज्योतसुद्धा दिसत नाही. आमच्याकडे गळती शोधायला लांब दांड्याला झाडू बांधून पुढे धरायचे, झाडूने पेट घेतला की कळायचं.

निकेलवाले_अण्णा

शेगडीचा हिशोब मी पुतणीकडून करून घेतला. १४.२ किलोच्या सिलिंडरमधली उष्णता साधारण १८० युनिट. तेवढ्यासाठी साडेपाच किलो हायड्रोजन, आणि तो काढायला साधारण २८० युनिट वीज. त्यापेक्षा ती वीज योग्य इन्व्हर्टर लावून सरळ इंडक्शनच्या शेगडीला द्या. हायड्रोजन खताला, तेलाला, पोलादाला. घराला नको.

पाण्याचंही सांगतो, कारण आपल्या जिल्ह्यात तोच पहिला अडथळा. एक किलो हायड्रोजनला ९ लिटर पाणी खर्ची पडतं आणि त्यातले क्षार मागे राहतात. समजा बोअरच्या पाण्यात लिटरला १ ग्रॅम क्षार आहेत. हजार लिटर खपलं की किलोभर क्षार तुमच्या सेलमध्ये साठले. कॅल्शियम ऋणाग्रावर चुन्यासारखं बसतं, क्लोराइड दुसरीकडे टोचे पाडतं. मी बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड पाणीच घालतो.

वाचनवेडा

एक शंका. मोठ्या कंपन्यांकडे हे सगळं आहे, तयार स्टॅक मिळतात. एमआयडीसीतल्या लहान युनिटने यात शिरून काय मिळणार?

निकेलवाले_अण्णा

तयार स्टॅक मिळतो, पण त्यातला इलेक्ट्रोड कधीतरी उतरतो. तेव्हा जाळी तीच ठेवून नवा थर चढवून देणारा माणूस जवळ लागेल. माझं आयुष्य उतरलेला थर काढून नवा चढवण्यात गेलं. हे काम सोलापुरात व्हावं असं मला मनापासून वाटतं.

निकेलवाले_अण्णा (तीन आठवड्यांनंतर)

सगळ्यांचे आभार. जे सांगितलंत ते केलं, काय झालं ते लिहितो.

सहा वाजता रेक्टिफायर बंद करताना दुसरा छोटा सप्लाय जोडतो. दिवसाच्या करंटच्या शंभरातला एखादा भाग, रात्रभर. वीज गेली तर बॅटरीवर जातो. छपरावरची नळी आणि पंखा रात्रीही चालू ठेवावे लागतात, कारण थोडा का होईना गॅस निघतोच, आणि कमी करंटला काका म्हणाले तो धोकाही आहे. म्हणून दोन्ही गॅसच्या नळ्या वेगळ्या काढल्या आणि युनिटमध्ये ठिणगीचं काम सहानंतर बंद. कॉस्टिकच्या नळ्या लांब करून वेटोळं घातलं. पहिल्या आठवड्यापासून सकाळचं व्होल्टेज संध्याकाळच्या जागेवर मिळू लागलं. काळे कण जवळपास थांबले.

जवळपास म्हणतो, कारण पूर्ण थांबले नाहीत. काल सुट्टी होती. सेल उघडली, ऋणाग्राची जाळी पाण्याखालीच धरून घड्याळजीचं भिंग लावून बघितलं. पुतणी शेजारी टॉर्च धरून. उभा_आडवा, तुमची आठवण झाली. तारांच्या अंगावर थर घट्ट आहे, काळा, मखमलीसारखा. पण जिथे उभी तार आडव्या तारेवरून जाते, त्या प्रत्येक गाठीच्या कुशीत केसाएवढी भेग, आणि भेगेत उघडं पांढरं निकेल. गाठीच्या आत करंट पोचत नाही म्हणून तिथे थर पातळ चढतो, ब्लास्टची वाळूही पोचत नाही, आणि दोन तारा एकमेकींवर किंचित हलतातही. फासा तिथे सैल आहे.

उभा_आडवा

अण्णा, कॅलेंडरिंग करा. कापड दोन रोलरमधून दाबून काढतात तसं. गाठी चपट्या होतील.

आर्द्रा_११

मी सकाळीच काकांना म्हणाले होते की गाठींवर डाग-वेल्डिंग करू, म्हणजे तारा हलणार नाहीत आणि वीजही नीट जाईल. नाहीतर विणलेली जाळी सोडून पत्र्याला चिरा पाडून ताणलेली जाळी घेऊ, तिच्यात गाठच नसते. दादा, तुम्हाला काय वाटतं?

भवानीपेठ

दोन्ही कर, शेजारीशेजारी. एका घरात दाबलेली विणलेली, दुसऱ्यात ताणलेली, तिसऱ्यात आत्ताची जशीच्या तशी. कॉस्टिक तेच, करंट तोच. आणि यावेळी एक दिवसाआड रात्रीचा सप्लाय मुद्दाम बंद ठेव. कोणती जाळी उलटा करंट जास्त सोसते ते कळायला हवं, कारण कारखान्यात वीज जाणारच.

निकेलवाले_अण्णा

होटगी रोडला एकाकडे रोलर आहे, त्याच्याशी बोललो. उद्या दाबून आणतो, परवा ब्लास्ट, त्याच दिवशी स्ट्राइक. ब्लास्ट आणि स्ट्राइकच्या मधे जाळी हवेत ठेवणार नाही.